शेवटच्या ओळीतला नाच

बालमित्रांनो, आज तुमच्याशी बोलता बोलता थोडं तुमच्या आईबाबांशीही बोलणार आहे. तेव्हा तुमचं वाचून झालं की अंक त्यांच्या हातात द्या. उलट झालं तरी चालेल. काही आईबाबा तुमच्या आधीच अंक पळवतात, हे मला ठाऊक आहे. आमच्या घरी तसंच होतं!

मी प्राथमिक शाळेत शिकवते, तिसरीच्या वर्गाला. तुमच्या बाई असतील ना, तशीच एक बाई. ही गोष्ट माझ्या लेकीची आहे. ती तेव्हा दुसरीत होती आणि कशावरही नाचायची. कुकरची शिट्टी झाली, नाच. मिक्सर लावला, नाच. शेजारच्या काकांची स्कूटर सकाळी सुरू व्हायला तयार नसायची, तर तिच्या त्या खर्रर्र आवाजावरसुद्धा हिचे पाय चालू! गौरीच्या रात्री झिम्मा खेळणाऱ्या मोठ्या बायकांच्या मधे घुसून ही आपली दमेपर्यंत उड्या मारत होती. सासूबाई हसून म्हणाल्या, "अगं, हिला एखाद्या क्लासला घाल. निदान पलंग तरी मोडायचा वाचेल."

झालं, आम्ही क्लास शोधला. कसा शोधला, ते सांगायला मला आज लाज वाटते. साडी घ्यायची तर मी चार दुकानं हिंडते, पदर उलगडून बघते, उजेडात नेऊन रंग बघते. आणि लेकीचा क्लास? वीस मिनिटांत! मोठा हॉल होता, एका भिंतीला आरसे होते, दुसऱ्या भिंतीवर वार्षिक कार्यक्रमाचे रंगीत फोटो होते. फोटोतल्या मुलींचे कपडे असे झगमगीत, की मी त्यात आपल्या लेकीचा चेहरा बसवून मोकळी झाले. तीन महिन्यांची फी एकदम भरली. शिकवतात काय आणि कसं, हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. रोज मुलांना शिकवणारी बाई मी!

तीन महिने तिथं एकच गाणं चाललं होतं, कार्यक्रमाचं. पहिल्या ओळीतल्या मुली भराभर उचलायच्या. आमचीला एक पाऊल कळेपर्यंत पुढची चार होऊन जायची. कार्यक्रमाच्या दिवशी मी तिसऱ्या रांगेत मोबाइल उंच धरून बसले होते. पूर्ण गाणं संपलं, पण मला ती दिसलीच नाही. घरी येऊन चित्रफीत तीनदा पाहिली, तेव्हा एका उंच मुलीच्या मागं तिचं कोपर सापडलं. ड्रेसचं भाडं भरलं होतं त्या कोपराचं!

पण ते भाडं जाऊ दे. खरी गोष्ट पुढंच आहे. त्यानंतर आठवडाभरानं कुकरची शिट्टी झाली आणि घरात काहीच हाललं नाही. मी स्वयंपाकघरातून डोकावले. ती चित्र रंगवत बसली होती. पुढच्या आठवड्यात गल्लीतून वरात गेली, ढोल-ताशा दाराशी वाजत होता. मी म्हटलं, "अगं, बघ तरी!" ती म्हणाली, "मला नाही येत नाचायला. तिथल्या मॅडम म्हणाल्या, तू मागंच उभी राहा, म्हणजे चुकलं तरी दिसणार नाही."

मुलांनो, खोटं कशाला बोलू? त्या मॅडमचा मला खूप राग आला. पण त्या रात्री झोप येईना, ती वेगळ्याच कारणानं. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात तिसरीचा नाच मीच बसवते. आणि ज्यांना पटकन येतं त्यांना पुढं, ज्यांना येत नाही त्यांना मागं, हे मी दरवर्षी करते. "मागं राहा, दिसणार नाही," हे मी तोंडानं कधी म्हटलं नसेल, पण मागच्या मुलांना ते ऐकू गेलंच असणार.

दुसरा क्लास शोधायला निघाले, तेव्हा मला आमचं डी. एड. आठवलं. तिथं आम्हाला खऱ्या वर्गावर जाऊन पाठ घ्यावे लागत. आम्ही फळ्यापाशी घाम पुसत शिकवायचो आणि सर शेवटच्या बाकावर बसून वहीत काहीतरी लिहीत असायचे. तक्ता किती सुंदर काढला, आवाज किती मोठा होता, याचं त्यांना कौतुक नसे. पाठ संपला की विचारायचे, "खिडकीजवळच्या त्या मुलाला काय कळलं, सांगा बघू." बस्स! क्लास बघायचा तर असाच बघायचा, शेवटच्या बाकावरून, असं मी ठरवलं.

पहिल्या ठिकाणी मला आत बसूच दिलं नाही. "पालकांनी बाहेर थांबायचं," म्हणाले. रोज बाहेर थांबायला माझी हरकत नाही. शाळेतही आई खिडकीत उभी असली की पोरं फळ्याकडं बघत नाहीत! पण एक दिवससुद्धा नाही? मी नमस्कार करून परत फिरले.

दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, "आमच्याकडं तीन वर्षांत विशारद करून देतो." तुमच्यापैकी जी मुलं गाणं किंवा नाच शिकतात त्यांना अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा माहीत असतील. प्रारंभिक, मग प्रवेशिका प्रथम आणि पूर्ण, मध्यमा प्रथम आणि पूर्ण, विशारद प्रथम आणि पूर्ण. मोजा पाहू. सात पायऱ्या झाल्या की नाही? मग त्या तीन वर्षांत कशा चढायच्या? तिथं बसलेल्या एक आई मला म्हणाल्या, "दहावीला वाढीव गुण मिळतात ना, म्हणून घातलंय." गुण मिळतात ते खरं आहे, आणि मिळाले तर कोणाला नको असतात? पण आमची दुसरीत होती. दहावीसाठी आठ वर्षं नाचायचं म्हणजे फारच लांबची उधारी झाली.

मधेच घरात दुसराच वाद सुरू झाला, कथक की भरतनाट्यम्? सासूबाईंना भरतनाट्यम् आवडायचं, ह्यांना कथक. गंमत अशी, की भरतनाट्यम् दक्षिणेचं असलं तरी आपण त्याला अगदीच परके नाही. तंजावरला मराठ्यांचं राज्य होतं. तिथले दुसरे सरफोजी राजे (१७९८ ते १८३२) यांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू असे चार भाऊ होते. अलारिपूनं सुरुवात करून तिल्लानापर्यंत जायचं, हा भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचा क्रम या भावांनी लावून दिला. आणि कथक उत्तरेचं, पण पुण्यात रोहिणी भाटे यांनी १९४७ साली 'नृत्यभारती' सुरू केली. त्यांच्या शिष्या आणि शिष्यांच्या शिष्या आज ठिकठिकाणी शिकवतात. तेव्हा हे आपलं आणि ते परकं, असं काही नाही.

फरक अंगाला कळतो. करून बघा, आत्ताच. टाचा जुळवा, चवडे दोन्ही बाजूंना बाहेर वळवा आणि पाठ ताठ ठेवून गुडघ्यांतून अर्धं खाली बसा. ही भरतनाट्यमची अरमंडी. सोळा अंक मोजेपर्यंत थांबा. मांड्या थरथरल्या ना? गुडघे चवड्यांच्याच दिशेला हवेत, आत पडले तर दुखतात. चांगल्या शिक्षिकेची नजर आधी तिथं जाते, चेहऱ्यावरच्या हसण्याकडं नंतर. आता सरळ उभे राहा. कथकची सुरुवात अशी सरळ उभं राहून होते.

शेवटी आम्ही भांडण सोडून दिलं आणि ठरवलं, की जिथं शिकवणं आवडेल ती शैली आपली.

तिसरा क्लास एका जुन्या वाड्याच्या माडीवर होता. आरसा नाही, फोटो नाही. शहाबादी फरशीवर जाड जाजम अंथरलेलं. शिकवणाऱ्या ताई पन्नाशीच्या. म्हणाल्या, "बसा की मागं. चहा घेणार?" मी वही काढली. पंधरा मुली आणि एक मुलगा होता. त्या मुलाकडं कुणी वळूनही बघत नव्हतं, इतका तो त्यांच्यातलाच होता, हे मला फार आवडलं.

आधी कोणी नाचलंच नाही. सगळे मांडी घालून बसले आणि हातानं टाळी देत बोल म्हणू लागले, "ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्." तीनतालाच्या सोळा मात्रा. पहिलीला, पाचवीला आणि तेरावीला टाळी, नववीला हात उलटा. तोंडात नीट बसल्यावर मग उठले आणि तेच पायांनी, अगदी सावकाश. उजवा, डावा, उजवा, डावा. पुढं गंमत आहे बरं का. 'आ' म्हणताना पुन्हा डावाच! म्हणजे डावा पाय लागोपाठ दोनदा. आपला पाय सवयीनं उजवा पडतो आणि फजिती होते. मागच्या ओळीतली एक छोटी नेमकी तिथं अडखळली. ताई तिच्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. "इथं सगळेच अडखळतात गं. मीही अडखळले होते. पाय आपटायचा नाही, ठेवायचा." आणि तिच्याबरोबर पाच वेळा केलं. पुढच्या ओळीतली पोरं तोवर थांबली.

मग ताईंनी टाळी वाजवली आणि सगळ्यात मागची ओळ चालत पुढं आली. पुढची एक पाऊल मागं सरकली. थोड्या वेळानं पुन्हा टाळी, पुन्हा ओळ फिरली. तासाभरात प्रत्येक जण एकदा तरी अगदी पुढं उभा राहिला. मी वहीत एवढंच लिहिलं, 'ओळ फिरते.' आणि वही मिटली.

घुंगरांचं विचारलं, तर ताई म्हणाल्या, "वर्षभर तरी नकोत. आधी पायाचा आवाज कानांना कळू दे. मग पंचवीस-पंचवीस बांधू. शंभर-शंभर बांधणं फार पुढचं." फी पहिल्या क्लासच्या निम्मी होती. त्याचाही मला आनंद झाला, उगाच नाही म्हणणार नाही!

लेकीला घेऊन गेले, तेव्हा ती जिन्यातच थांबली. वरून बोल ऐकू येत होते. ताईंनी खाली येऊन विचारलं, "तुला कुठं उभं राहायचंय?"

"मागं," ती म्हणाली.

"राहा."

एवढंच. पुढं काय होणार, ते मला ठाऊक होतं, तिला नव्हतं. टाळी वाजली आणि ती आपोआप पुढं आली. 'आ'ला तिचा उजवा पाय पडला. तिनं घाबरून इकडंतिकडं पाहिलं. शेजारच्या मुलाचाही उजवाच पडला होता.

ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनातही आता तिसरीच्या ओळी फिरतात. पहिल्या वर्षी मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, नाच थोडा विस्कळीत दिसतोय." दिसत होता खरा. मधेच दोन मुलं एकमेकांना धडकली आणि हसत बसली.

परवा मी वरणाचा कुकर लावला होता. लेक जमिनीवर अभ्यास करत होती. दोन शिट्ट्या झाल्या, बऱ्याच वेळानं तिसरी झाली. तिनं मान वर न करता म्हटलं, "आई, तुझा कुकर बेताल आहे." आणि वहीखाली तिचे पाय चालूच होते.