तेंदूचं टोपण

भंडारा,
भाऊबीजेचा दुसरा दिवस

चि. बाबू,

तुझा निरोप ताईने फोनवर दिला. आजोबांची बासरी तुझ्या तिकडच्या मित्राला हवी आहे, तो डॉलरमध्ये चांगले पैसे मोजायला तयार आहे, आणि फोटो काढताना लाकडाला पडलेल्या चिरेची बाजू खाली ठेवावी असं तू सुचवलंस. एवढं सगळं फोनवर बोलणं मला जमलं नसतं, म्हणून कागद घेऊन बसलो.

बासरी देशाबाहेर जाणार नाही. १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा फक्त देवळातल्या मूर्तींसाठी आहे, असं मलाही वाटायचं. पण कारागिरीची कुठलीही वस्तू शंभर वर्षांची झाली की ती त्यात येते आणि खासगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही. शंभर वर्षं कशावरून, असं तू विचारशील. आजोबांनी ती कामठीच्या जुन्या बाजारातून आणली, तेव्हाच ती जुनी होती. कामठी ही १८२१ पासूनची छावणी; एखाद्या पलटणीच्या बँडमधली असावी, हा माझा अंदाज. सहा भोकं, आठ चाव्या, आणि आतली नळी शेपटाकडे निमुळती होत जाते. म्युनिकच्या बोहेमने १८४७ मध्ये सरळ नळीची बासरी केली, त्याच्या आधीच्या घडणीची ही. ती घडण इंग्लंडात पुढेही बरीच वर्षं टिकली, म्हणून एवढ्यावर मी थांबलो नाही. मला खात्री दिली ती सुराने. सहाही भोकं झाकली की पांढरी दोन बोलायला हवी. ही बोलते पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या जवळजवळ मधोमध. महिनाभर मला वाटत होतं, माझी फुंकच चुकते आहे. मग कळलं की ज्या स्वराची आज सेकंदाला ४४० कंपनं धरतात, त्याची त्या काळी इंग्लंडच्या बँडांत ४५२ च्या आसपास धरत. ४४० चा आकडा लंडनच्या परिषदेत १९३९ मध्ये ठरला. बासरी बेसूर नव्हती रे. ती तिच्या काळाच्या सुरात होती.

आता चिरेबद्दल. डोक्याच्या भागात लाकडाच्या आत पितळेची नळी बसवलेली असते. सूर जुळवायला ती आतबाहेर सरकते. लाकूड सुकलं की आकसतं, पितळ आकसत नाही, आणि मग लाकडाला फाटण्यावाचून गत्यंतर राहत नाही. आपल्याकडचा मे महिना आणि मग लगेच पाऊस. असे किती उन्हाळे-पावसाळे त्या लाकडाने काढले असतील! आधी कुणीतरी चिरेत लाख भरली होती, ती ठिसूळ होऊन गळत होती. ती टोकरून काढायला मला आठ दिवस लागले. आपल्या गावच्या पितळकाम करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने नळी न वाकवता बाहेर काढली, घासून किंचित बारीक केली. लाकडाला आत मोकळी जागा मिळाल्यावर चीर आपोआप जवळ आली. मग तिच्यात बारीक भुसा आणि डिंक भरला. आतून जवसाचं तेल दिलं, अगदी थोडं, दर चार दिवसांनी. धानाच्या बांधीत उतेऱ्याला पेरलेल्या जवसाचं, गावाकडून आलेलं. जुने बासरीवालेही हेच तेल देत, हे नंतर कळलं तेव्हा फार बरं वाटलं.

डोक्याचं टोपण हरवलेलं होतं. बासरीचं लाकूड कोकस, जमैका-क्युबाकडचं. ते इथे कुठून आणणार? पण तेंदूच्या पानांच्या विड्या वळणाऱ्या आपल्या मुलखात त्याच तेंदूच्या जुन्या खोडाचा गाभा काळाभोर असतो, हे किती जणांना माहीत आहे? तो आबनूसाच्याच कुळातला. खरादीवर फिरवून त्याचं टोपण केलं. डोळ्यांना फरक कळणार नाही. पण फरक आहे, आणि तो मी लपवणार नाही.

मी एक कागद केला आहे. चीर कुठून कुठपर्यंत, नळी किती घासली, टोपण नवं, चाव्यांच्या गाद्या सगळ्या नव्या. तो बासरीबरोबर जाईल. चीर खाली ठेवून फोटो काढला असता तर घेणाऱ्याने पहिल्याच उन्हाळ्यात फसवणूक ओळखली असती, आणि नाव आजोबांचं गेलं असतं.

परवा गायगोधनाला गोवारी मंडळी ढाल घेऊन बासऱ्या वाजवत दारावरून गेली. त्यांची बांबूची बासरी फुटली तर पुढच्या दिवाळीपर्यंत नवी होते. ही फुटली तर नवी होणार नाही.

घेणारा ठरला आहे. लाखांदूरकडचा क्लॅरिनेटवाला, लग्नाच्या बँडात आणि झाडीपट्टीच्या नाटकांत वाजवतो. चाव्यांखाली गादी कशी बसवायची हे त्यानेच मला शिकवलं. सुराची अडचण त्याला आधीच सांगितली. नळी बाहेर ओढली की सूर उतरतो खरा, पण मग वरचे आणि खालचे स्वर एकमेकांशी पटत नाहीत. तो म्हणाला, "मामाजी, पेटीचा सूर हलत नाही, पण नाटकात आता किबोर्ड असते. तिचा सूर बासरीएवढा वर नेता येते." हे मला सुचलंच नव्हतं. त्याने तीन भोकांवर सा धरून पिलू वाजवला आणि मी आतल्या खोलीत जाऊन बसलो.

किंमत चौदा हजार. अर्धे आता, अर्धे होळीनंतर, नाटकांचा हंगाम संपल्यावर. तुझ्या मित्राने याच्या कितीतरी पट दिले असते, ठाऊक आहे. ताईचा वाटा तिला आताच्या सात हजारांतून देतो.

एक काम कर. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये डेटन मिलर या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाने दिलेला सतराशेच्या आसपास वाद्यांचा संग्रह आहे, बहुतेक बासऱ्याच. तुला कधी जायला जमलं तर या घडणीच्या बासरीचं टोपण नीट पाहून ये. कड गोल आहे की चापट, एवढंच मला हवं आहे. माझं चापट झालं आहे. गोल असेल तर तेंदूचा दुसरा तुकडा खरादीवर लावतो.

तुझा,
मामा