बांधावरची जांभूळ

शेतकी खात्यातली माझी सारी वर्षे लोकांचे बांध तुडवण्यात गेली. घरच्या बांधाकडे मात्र पाहायचे राहिले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आमच्या थोरल्या दादांना साखरेचा आजार. कोणी तरी सांगितले, जांभळीच्या सालीचा काढा घ्या. 2022 च्या उन्हाळ्यात दादांनी, वडिलांनी लावलेल्या जांभळीची साल बुंध्याभोवती गोल सोलली. काढा सुरू झाला, गोळ्या फडताळात गेल्या.

दिवाळीला घरी गेलो तर दादांच्या पायाला चिघळलेली जखम. वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं ऐकतील ते."

चुलीजवळ बसून मी दादांना म्हटले, "तव्यावर भाकरी तांबूस होते ना? पिठातली साखर आणि प्रथिने तापून एकमेकांना धरतात. अंगात हेच सावकाश, विस्तवाशिवाय चालते. रक्तात साखर जास्त झाली की ती प्रथिनांना चिकटते. डोळे, मूत्रपिंड, रक्तवाहिन्या खराब होतात. तीन महिन्यांची साखर सांगणारी तपासणी हीच चिकटलेली साखर मोजते."

"मग साल ते थांबवते म्हणतात, ते खोटं?"

"अगदी खोटं नाही. बाभळीच्या सालीने कातडे कमावतात. त्या सालीतला तुरट अंश प्रथिनांना धरतो. दालचिनीच्या सालीतली अशीच द्रव्ये परीक्षानळीत हे चिकटणे कमी करतात. पण पोटातून रक्तात त्यांतले फार थोडे पोचते. कुंडीतला प्रयोग एकराला लागू होतो का?"

दादा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आले. पाय वाचला, पण एक बोट गेले.

जांभूळ मात्र वाचली नाही. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरते. सालीचे कडे निघाले की मुळे उपाशी मरतात. दालचिनीच्या फांद्या तोडून त्यांची साल काढतात, म्हणून खोडाला पुन्हा धुमारे फुटतात. जांभळीच्या उभ्या बुंध्याची गोल साल काढली, तर ते झाड गेलेच समजा.

शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, काढा घ्यायचाच तर आधी डॉक्टरांना विचारा. पण त्यासाठी गोळी किंवा इन्शुलिन सोडू नका. रोज रात्री पाय पाहा.

पुढच्या मृगात दादांनी त्याच जागी जांभळीचे रोप लावले. खड्डा मी खणला.