केबलचं कमिशन

निरोप्यावर राग काढू नये, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलंय. पण निरोप्याचा हिशेब तपासू नये, असं मात्र कुणी सांगितलेलं नाही.

आमच्या गावाला ही तपासणी जन्मापासूनच पुजलेली. विदर्भात कारंजा नावाची मोठी गावं दोन. वाशीम जिल्ह्यातलं कारंजा (लाड) आणि वर्धा जिल्ह्यातलं आमचं कारंजा (घाडगे). पत्त्यातले ‘घाडगे’ लिहायचे राहिले की पाकीट आधी लाडांचा पाहुणचार घेतं आणि मग सावकाश आमच्याकडे येतं. आता पत्र उशिरा आलं म्हणून लिहिणाऱ्याला आळशी म्हणण्यात अर्थ नाही. आधी वाटेतला मुक्काम वजा करायचा, मग माणसाची किंमत ठरवायची.

हीच वजाबाकी इंजिनिअर मंडळी ‘नेटवर्क ॲनालायझर’ नावाच्या यंत्रावर करतात, हे आम्हांला आमच्या भाच्याने शिकवलं. हा गृहस्थ वायरलेसच्या नादी लागलेला. अँटेना गच्चीवर, यंत्र खाली खोलीत आणि मध्ये 20 मीटर केबल. यंत्र केबलीतून लहर पाठवतं आणि त्यातली किती परत आली ते मोजतं. जेवढी कमी परत येईल, तेवढी अँटेना गुणी. तिने लहर हवेत सोडली, असा त्याचा अर्थ.

पडद्यावरचा आकडा फक्कड होता. बँकेच्या भाषेत सांगायचं तर रुपया पाठवला आणि दहाच पैसे परत आले. आम्ही अभिनंदन करणार, एवढ्यात भाचा म्हणाला, ‘‘मामा, अँटेना कुठं खाऊन राहिली? केबलच खाऊन राहिली!’’

बी. कॉम. झालेल्या माणसाला असं वाक्य ऐकून स्वस्थ बसवत नाही. आम्ही वही काढली. केबलची तूट 3 डेसिबल, म्हणजे निघालेल्यातलं निम्मंच पोचणार. रुपयातले 50 पैसे वर गेले. अँटेनाने त्यातले 30 पैसे ठेवले आणि 20 परत केले. परतीच्या वाटेवर केबलने पुन्हा निम्मे कापले, हाती आले 10. म्हणजे अँटेनाने खाल्ले 30 आणि केबलने जाता-येता मिळून 60. ताळा तंतोतंत जमला! बाहेरगावच्या चेकावर वसुलीचं कमिशन कापलं जायचं, तेही असं दोन्ही दिशांनी कापायची कल्पना कुणाला सुचली नव्हती.

यातली गंमत अशी की, केबल जितकी लांब आणि रद्दी, तितकी अँटेना सुंदर दिसते. ह्याच केबलच्या टोकाला अँटेना लावलीच नाही, तरी रुपयातले 25 पैसेच परत येतात. जी अँटेना अस्तित्वातच नाही, तिनेही पाऊण रुपया पचवलेला दिसतो!

दुसरं दुखणं उशिराचं. साध्या केबलीतून लहर सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावते. जाऊन-येऊन 40 मीटरला लागतो सेकंदाचा पन्नास लाखावा भाग. तेवढ्यात 15 कोटी हेलकाव्यांची लहर 30 गिरक्या घेऊन मोकळी होते. वास्तविक अँटेना लांब झाली की आखूड, हे त्या गिरकीवरूनच ओळखायचं असतं. केबलच्या गिरक्या वजा केल्या नाहीत, तर जी वाढवायची तीच माणूस कापत बसतो.

नुसता उशीर वजा करून तूट भरून निघत नाही, आणि तूटही कंपनसंख्येबरोबर वाढत जाते. म्हणून उत्तम उपाय असा : केबलच्या वरच्या टोकाला आळीपाळीने तीन ओळखीची गिऱ्हाइकं बसवायची. खुलं टोक सगळं जसंच्या तसं परत करतं. शॉर्ट केलेलं टोक सगळं परत करतं, पण उलटं करून. तिसरा 50 ओहमचा लोड, तो घेतलेलं काहीच परत करत नाही. (हे तिन्ही स्वभाव कर्जखात्यात आमच्या परिचयाचे आहेत.) तिघांचे जबाब घेतले की यंत्राला केबलची सगळी चाल कळते आणि ती हिशेबातून वगळता येते. मग मात्र केबल वाकवायची नाही आणि ऊनही लागू द्यायचं नाही. आमच्याकडच्या मे महिन्यात हे दुसरं पथ्य कुणी पाळावं!

नारायणगावजवळ खोडदला जी. एम. आर. टी. ही रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली. 45 मीटर व्यासाच्या तिच्या 30 अँटेना सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. काचतंतूतून दहा किलोमीटर यायला 50 मायक्रोसेकंद लागतात. म्हणून सगळ्यांचे संकेत एकत्र करण्यापूर्वी जवळच्यांचे मुद्दाम थांबवून धरतात. पंगतीसारखंच! शेवटच्या पानावर वाढून होईपर्यंत पहिल्याने घास उचलायचा नाही.

आकाशगंगेच्या बाबतीत एवढा विवेक! जमिनीवरच्या केबलचं काय? बांधावरच्या संत्र्याची फळगळ वर विचारली जाते. प्रश्न पाच टेबलांवरून खाली येताना निम्मा होतो. उत्तर त्याच टेबलांवरून वर जाताना आणखी निम्मं होतं. वर पोचते ती बारीकशी कुरबुर. ती वाचून वरचा साहेब समाधानाने लिहितो, ‘तक्रारी नगण्य, परिस्थिती उत्तम.’

साहेबाचं यंत्र अगदी बरोबर असतं. एकदा कुणीतरी त्याला 3 डेसिबलचा हिशेब मांडून दाखवायला हवा. पण तो कागदही, म्हणा, त्याच केबलीतून वर जायचा!