हळदीचा गाळ

हळदीतले कर्क्युमिन साध्या पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. अल्कली घातली तर तांबडे होऊन विरघळते, पण ७.२ पीएचच्या बफरमध्ये ३७ अंशांना अर्ध्या तासात त्यातले सुमारे ९० टक्के नष्ट होते. मग वाट उरते ती स्फटिक मोडण्याची. कर्क्युमिन आणि पॉलिमर एकाच द्रावकात विरघळवून द्रावक उडवला की कर्क्युमिन अस्फटिक रूपात पॉलिमरमध्ये अडकून राहते. सेकिगुची आणि ओबी यांच्या १९६१ सालच्या सल्फाथायाझोलवरील कामापासून घन मिश्रणांची ही दिशा खुली झाली.

अशी भुकटी पाण्यात पडताच विरघळलेल्या कर्क्युमिनचा आलेख झपकन चढतो. खरी अडचण त्यानंतरची. द्रावण अतिसंपृक्त झालेले असते; रेणू पुन्हा एकत्र येतात आणि पिवळा गाळ खाली बसतो. पीव्हीपी या पॉलिमरमधून औषध लवकर सुटते, एचपीएमसी हा दुसरा पॉलिमर बहुधा त्याला द्रावणात जास्त वेळ धरून ठेवतो. पॉलिमर वाढवावा तर कॅप्सूल पुरत नाही, कमी करावा तर गाळ लवकर येतो. मुरलेला कारागीर या गाळाची पहिली झाक भांडे उजेडाकडे धरून ओळखतो. वय झाल्यावर ती उशिरा दिसू लागते, तरी यंत्राच्या आकड्यावर विसंबणे त्याच्या जिवावर येते. आलेखाच्या शिखराचा आकडा मिरवण्याचा मोहही त्यालाच अधिक. दोन तासांनंतरचा आकडा मग तळटीपेत जातो.

मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कसारख्या, खाडी आणि मिठागरांच्या शेजारच्या वस्तीत पावसाळा हा वेगळाच शत्रू. पीव्हीपी हवेतले पाणी ओढते, रेणूंना हालचालीला वाव मिळतो आणि भुकटी बाटलीतच पुन्हा स्फटिक धरू लागते. एक्स-रे विवर्तनात टोकदार शिखरे उमटली की प्रयोग संपला.

या क्षेत्रात आकडे फुगवण्याची सवय वाढली आहे, आणि ती घातक आहे. चाचणीच्या पाण्यात सोडियम लॉरिल सल्फेटसारखा साबणी पदार्थ ओतला की कोणतीही गोळी विरघळते. ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून सूक्ष्म कण निसटतात, तेही विरघळलेले म्हणून मोजले जातात. मिरीतल्या पिपरीनची जाहिरात तर विद्राव्यतेच्या नावाने होते. १९९८ साली बेंगळुरूच्या अभ्यासात २० मिलिग्रॅम पिपरीनमुळे माणसांत कर्क्युमिनची जैवउपलब्धता २००० टक्के वाढल्याचे दिसले. पण पिपरीन आतडे व यकृतातील ग्लुक्युरोनायडेशन रोखते, पाण्यातली विद्राव्यता वाढवत नाही.

सायक्लोडेक्स्ट्रिनच्या पोकळीत कर्क्युमिन बसवले तर गाळ टळतो, मात्र थोड्या औषधासाठी भरपूर सायक्लोडेक्स्ट्रिन लागते. मोठ्या मात्रेच्या गोळीला ही पद्धत परवडत नाही.