नाव ठेवण्यापूर्वी

मराठीत बारशाला मुलाचे नाव ठेवतात आणि पुढे ते चुकले, की त्याला नावे ठेवतात. पहिले नाव माणूस बदलू शकतो. दुसरे मात्र सहसा पुसले जात नाही.

महाभारताच्या आदिपर्वातील मांडव्य ऋषींची कथा या संदर्भात आठवावी. चोरांनी लुटीचा माल त्यांच्या आश्रमात दडवला आणि मौनव्रती मांडव्य सुळी गेले. ही शिक्षा कशाची, असे त्यांनी धर्माला विचारले, तेव्हा बालपणी त्यांनी कीटकांना काडी टोचली होती, एवढेच कारण निघाले. मांडव्यांनी धर्मालाच शाप दिला आणि चौदा वर्षांपर्यंतचे कृत्य पाप गणले जाणार नाही, अशी मर्यादा घातली. या मर्यादेत दया आहेच. परंतु त्याहून अधिक आहे ती प्रमाणबुद्धी.

आपल्या २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात ही मर्यादा अठरा वर्षांची आहे. सोळा वर्षांवरील मुलाने अतिगंभीर अपराध केल्याचा आरोप असेल, तरच प्रौढांप्रमाणे खटल्याची वाट तेथे खुली राहते. एरवी, समजा, पंधरा वर्षांच्या एखाद्या मुलाने एकट्याने शेजाऱ्याची सायकल चोरली, तर २०१६ च्या नमुना नियमांनुसार त्याच्यावर गुन्हा दाखल करावयाचा नसतो. स्टेशन डायरीत नोंद होते, घरच्या परिस्थितीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे जातो. मंडळ त्याला समज देऊन घरी पाठवू शकते, अथवा उद्यानाची निगा, वृद्धांची शुश्रूषा अशी सेवा सांगू शकते. कामकाजात दोषारोपाचे शब्द वापरू नयेत, हेही अधिनियमाचे एक तत्त्व आहे. म्हणूनच तो ‘गुन्हेगार’ नव्हे, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’.

शब्द अवघड आहे, हेतू निर्मळ आहे. परंतु आळीत तो ‘सायकलचोर’च राहतो. कागद कालांतराने नष्ट करता येतात. आळीच्या स्मरणाला कागद लागत नाही. शिवाय ज्याची सायकल गेली, त्याचीही एक व्यथा असते. त्या शेजाऱ्यासमोर उभे राहून मुलाने आपली चूक भरून काढल्यावाचून शिक्षा टळेल, पण नाव टळणार नाही.

मांडव्य निर्दोष ठरले, राजाने क्षमा मागितली. तरी सुळाचे टोक, ती अणी, देहातून निघाली नाही. लोक त्यांना पुढे अणीमांडव्य म्हणू लागले.