टोपलीवरचे फडके

आपली पेटी दुसऱ्याने उघडावी, याइतके मनाला बोचणारे फारसे काही नसेल. दिवाळीच्या साफसफाईत घरच्या माणसाने आपला कप्पा उपसला तरी आपण कुरकुरतो. मग परक्याने, आणि तेही अधिकाराने, आत हात घातला तर काय होत असेल! पेटीत चोरीचा माल असतो असे थोडेच आहे? चार जुनी पत्रे असतात, एखादी विटकी फीत असते. पण ती आपली असते, एवढेच.

या विचाराची गाठ माझ्या मनाला सुरगाण्यात बसली. नाशिक जिल्ह्याच्या टोकाला, गुजरातच्या हद्दीला खेटून असलेला हा डोंगराळ तालुका. १९४८ पर्यंत सुरगाणा हे छोटेसे संस्थान होते. साग आणि खैर ही या रानांची दौलत. खैरापासून कात होतो, म्हणून त्यावर चोरांची नजर फार. त्यामुळे इथे दोन प्रकारचे खाकी कपडे दिसतात : एक पोलिसांचे, दुसरे फॉरेस्टवाल्यांचे. शहरातला माणूस पहिल्यांना बिचकतो. पाड्यावरचा म्हातारा दुसऱ्यांना आधी वाट देतो.

याचे कारण कायद्याच्या पुस्तकात सापडते. पोलिसांच्या झडतीची वाट कुंपणांतून जाते. तपास करताना वॉरंटावाचून घरात शिरायचे झाले तर अधिकाऱ्याने आपल्या संशयाची कारणे कागदावर मांडायची. पंच म्हणून त्याच वस्तीतली दोन भली माणसे बोलवायची. बाईची झडती बाईनेच घ्यायची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने तर झडतीचे चित्रीकरणही करायला सांगितले आहे.

आता १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे ५० वे कलम पाहा. गुन्हा घडल्याचे मानायला सबळ कारण असेल, तर कोणताही वनाधिकारी गाडी थांबवू शकतो, घरात शिरू शकतो, गाठोडे सोडू शकतो. पोलिसांत मात्र हा अधिकार फौजदाराच्या खाली उतरत नाही. म्हणजे रानात एकट्याने फिरणारा वनरक्षक जे करू शकतो, ते ठाण्यातल्या हवालदाराला या कलमाखाली करता येत नाही! सहायक वनसंरक्षकाला सरकारने अधिकार दिला असेल, तर तो स्वतःच झडतीचे वॉरंट काढू शकतो. शिवाय १९२७ च्या वन कायद्याप्रमाणे, लाकूड सरकारचे की नाही असा वाद निघाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते सरकारचेच धरायचे.

ऐकून कुणी म्हणेल, हा तर अन्याय झाला! पण क्षणभर त्या वनरक्षकाच्या वहाणांत पाय घालून बघा. मैलोगणती रान, हातात काठी, रात्रीची वेळ, आणि समोर लाकडाने भरलेली गाडी. त्याने वॉरंटासाठी तालुक्याला धाव घेतली, तर परत येईपर्यंत खैर परराज्यात पोचलेला असायचा. झाडाला ओरडता येत नाही, भेकराला फिर्याद देता येत नाही. त्यांच्या वतीने कुणाचा तरी हात लांब असावाच लागतो.

तरीही एका नाक्यावर पाहिलेले मला विसरता येत नाही. आमची जीप थांबवली होती. एका म्हातारीच्या मांडीवर टोपली, तिच्यावर घट्ट बांधलेले फडके. रक्षक तरुण होता. "आजी, जरा दाखवता का?" तो म्हणाला आणि हात मागे बांधून उभा राहिला. म्हातारीने सावकाश गाठ सोडली. आत नागली होती, आणि कोपऱ्यात पुरचुंडीभर मोहफुले. "बघ बाबा, नागली ती," ती म्हणाली. त्याने मान हलवली. माझ्या कातडी बॅगेकडे मात्र त्याने पाहिलेही नाही.

पोरगा सभ्य होता, यात शंका नाही. पण सबळ कारण टोपलीला इतके लवकर का चिकटते, आणि कातडी बॅगेला का चिकटत नाही, हे कोडे मला सुटले नाही. वास्तविक मोहफुलांवरचा वननिवासींचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य केला आहे. जमिनीच्या अशाच हक्कांसाठी मार्च २०१८ मध्ये सुरगाण्याची कितीतरी माणसे नाशिकहून मुंबईपर्यंत पायी चालत गेली. विनाकारण छळण्यासाठी जप्ती करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, असे वन्यजीव कायद्यातही लिहिले आहे. पण त्यासाठी कोर्टाची पायरी चढायला म्हातारीने रोजगार किती दिवस बुडवायचा?

म्हणून मला वाटते, हात लांब असावा, पण ठाण्याच्या खाकीला असलेली कुंपणे रानातल्या खाकीनेही आपली मानावीत. दोन पंच, एक लेखी कारण, बाईसाठी बाई. रानात बघायला माणसे कमी असतात, म्हणून तर त्यांची गरज तिथे अधिक. अधिकार किती मोठा, हे कलमात लिहिलेले असते. माणूस किती मोठा, हे फडक्याची गाठ कोण सोडतो यावरून कळते.