हिवरा आश्रमाहून मिरजेस

वऱ्हाडांतील बुलढाणें जिल्ह्यांत, मेहकर तालुक्यामध्यें, हिवरा आश्रम नांवाचें गांव आहे. मूळ गांव हिवरा. परंतु शुकदास महाराजांनीं येथें विवेकानंद आश्रम स्थापिला, त्याच्या आश्रयानें शाळा-महाविद्यालयें उभीं राहिलीं, आणि आश्रम हा शब्द गांवाच्या नांवास कायमचा चिकटला. पौष वद्य सप्तमीस, म्हणजे स्वामी विवेकानंदांच्या जन्मतिथीस, येथें मोठा उत्सव भरतो. उघड्या शेतांत पंगती बसतात आणि पुऱ्या व वांग्याची भाजी ट्रॅक्टरांतून आणून लाखों माणसांस वाढिली जाते. हा देखावा वाचकांनीं एकदां तरी डोळ्यांनीं पाहावा.

उत्सव म्हटला कीं कीर्तन-भजन आलेंच, आणि येथें तें विशेषच शोभतें. कारण स्वामीजी संन्यासापूर्वी चांगले गाणारे होते. ते ध्रुपद गात, पखवाज वाजवीत, आणि वैष्णवचरण बसाक यांच्यासह त्यांनीं ‘संगीत कल्पतरु’ हा गीतसंग्रह १८८७ सालीं सिद्ध केला होता. पण आम्हांस आज सांगावयाचें आहे तें तंबोऱ्यापासून सुरू होत नाहीं. शेजारच्या गांवच्या एका भजनी मंडळांत टाळ-मृदंगाबरोबर एक तरुण गिटार घेऊन बसला होता. आमच्या धाकट्या बंधूंचा नातू त्याच्याकडे टक लावून पाहत राहिला, आणि घरीं येतांच त्यानें हट्ट धरिला.

हा मुलगा तेरा वर्षांचा. आईबाप नोकरीनिमित्त पुण्यास. तो शिक्षणासाठीं आम्हां वृद्धांजवळ राहिलेला. स्वभावानें अबोल. जेवावयास हांक मारिली तर येई, विचारिलें तेवढें सांगे, आणि पुनः आपल्या कोपऱ्यांत जाई. अशा मुलानें आपण होऊन कांहीं मागितलें, तेव्हां नाहीं म्हणण्याचें धैर्य घरांत कोणासच झालें नाहीं. एका दुकानांतून गिटार आणिली. दिसावयास झकपक, परंतु तिच्या तारा पडद्यांपासून इतक्या उंच होत्या कीं, बोटानें तार दाबून पडद्यास टेंकवावयाची म्हणजे विळीवर बोट दाबण्यासारखेंच होई. पंधरा दिवसांत मुलाच्या डाव्या हाताचीं बोटें सुजलीं. दुकानदारास विचारिलें, तर तो म्हणाला, ‘होतील घट्ट हळूहळू.’ पावसाळ्यांत तारा आणखीच वर चढल्या. एफ नांवाचा एक स्वरमेळ आहे. त्यांत तर्जनी आडवी टाकून साही तारा एकदम दाबाव्या लागतात. तेथें मुलगा थांबला तो थांबलाच. भाद्रपदांत त्यानें गिटार माळ्यावर ठेविली आणि पुण्यास बापास फोनवर सांगितलें कीं, ती विकून टाका, मला येत नाहीं.

हें ‘मला येत नाहीं’ आम्हीं चाळीस वर्षें वर्गांत ऐकिलें आहे. शंभरांपैकीं कांहीं मुलांस खरोखरच येत नसतें. उरलेल्यांच्या बाबतींत पाटी वांकडी असते, बाक उंच असतो, किंवा मास्तर घाईचा असतो. म्हणून आम्हीं दिवाळीच्या सुटींत मुलास व गिटारीस घेऊन मिरजेस जाण्याचें ठरविलें. मिरजेंतहि तार खालीं बसली नाहीं तर वाद्य कोणास तरी देऊन टाकावें, असा करार मुलानें आमच्याकडून वदवून घेतला.

एस्.टी.नें चिखली, बुलढाणें करीत आम्हीं राजूरच्या घाटानें मलकापुरास उतरलों. तेथें गोंदियाहून कोल्हापुरास जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस मिळते. ही गाडी विदर्भ, खानदेश, देश असे प्रांत एका रात्रींत पालथे घालते. उतारूस मात्र त्यांतला बराचसा भाग अंधारांतच ओलांडावा लागतो. प्रवासभर गिटार मुलाच्या मांडीवर होती. परंतु त्यानें पिशवीची दोरी सोडिली नाहीं.

मिरज हें जुन्या माणसांस आगगाडीचें जंक्शन म्हणून माहीत. तीन निरनिराळ्या रुंदींचे रूळ एके काळीं येथें एकत्र येत. तंतुवाद्यांच्या बाबतींतहि हें जंक्शनच आहे. पटवर्धनांच्या संस्थानांत १८५० च्या सुमारास फरीदसाहेब नांवाच्या शिकलगारानें, म्हणजे हत्यारांस धार लावणाऱ्या कारागिरानें, तंबोरा व सतार घडविण्यास आरंभ केला. तरवारींचे दिवस सरले होते. हात तेच राहिले, काम पालटलें. त्यांचे वंशज व शिष्य आजहि हा धंदा करितात, आणि त्यांच्या वस्तीस सतारमेकर गल्ली असेंच नांव आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेस असतां विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्यापाशीं शिकले व १८९६ सालीं येथूनच बाहेर पडले. अब्दुल करीमखां १९३७ सालीं वारले. त्यांची कबर येथील मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारांत आहे, आणि त्यांच्या स्मरणार्थ तेथें दरवर्षीं गाण्याच्या बैठकी होतात. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं सरकारदरबारीं भौगोलिक मानांकन मिळालें. भोपळे मात्र मिरजेचे नव्हेत. ते सोलापूर जिल्ह्यांतून, पंढरपूर-बेगमपुराकडील भीमाकांठच्या शेतांतून येतात. दांडी तुणीच्या लांकडाची.

गल्लींत शिरतांच दोन्ही बाजूंस वाळत घातलेले भोपळे, पालथ्या घातलेल्या टोपल्यांसारखे. लाखेचा व लांकडाच्या भुशाचा मिश्र वास. ज्या कारागिराकडे आम्हांस पाठविलें होतें तो पन्नाशीचा, मितभाषी मनुष्य. पुढ्यांत एक तंबोरा आडवा घेऊन जवारी काढीत बसला होता. आम्हीं नमस्कार करून बसलों. हातांतलें काम पुरें होईपर्यंत त्यानें आमच्याकडे पाहिलें नाहीं, आणि तें आम्हांस फार आवडलें.

जवारी म्हणजे काय हें येथें सांगणें अवश्य आहे. तंबोऱ्याची घोडी माथ्यावर सपाट दिसते, पण सपाट नसते. तिला अति सूक्ष्म बांक असतो. कानशीनें व पॉलिश कागदानें तो बांक असा साधावयाचा कीं, कंप पावणारी तार घोडीच्या पाठीस पुनःपुनः चाटून जावी. मग तारेखालीं सुताचा धागा सरकवून ती जागा नेमकी पकडावयाची. या चाटण्यांतूनच तंबोऱ्याचा तो भरीव, झणझणीत नाद उत्पन्न होतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं या घोडीवर शोधनिबंध लिहिला आणि युरोपियन पंडितांनीं तारेविषयीं बांधलेला एक नियम येथें लागू पडत नाहीं असें दाखविलें. पूर्वीं घोड्या हस्तिदंताच्या किंवा सांबरशिंगाच्या असत. कायद्यानें तीं बंद झाल्यावर आतां उंटाचें हाड किंवा प्लॅस्टिक वापरितात.

कारागिरानें गिटार हातीं घेतली. वाजविली नाहीं. एक डोळा मिटून, मान वांकवून, तिच्या दांडीवरून दूरपर्यंत पाहिलें. पात्याची धार सरळ आहे कीं नाहीं हें शिकलगार असेंच पाहत असेल.

‘गुरुजी, दांडी पुढं वांकलीया,’ तो म्हणाला. ‘ह्या पोलादी तारा सत्तर किलोच्या आसपास ओढ देत्यात. कुठलं बी लाकूड वांकंल.’

दांडीच्या पोटांत लोखंडी सळई असते. नादछिद्रांतून सहाकोनी चावी घालून त्यानें ती पाव फेरा पिळिली, वाट पाहिली, पुनः थोडी पिळिली. बाराव्या पडद्याशीं तार चार मिलिमीटर उंच होती ती साडेतीनांवर आली. अडीच झाली म्हणजे बोटास सुख. मग त्यानें तिसऱ्या पडद्यावर तार दाबून पहिल्या पडद्यावर किती फट राहते तें पाहिलें. केसभरच होती, म्हणजे वरच्या शिरपट्टीच्या खांचा ठीक होत्या. दोष घोडीवरील पट्टीचा.

आतां येथें आमचा जुना धंदा जागा झाला. आम्हीं मुलास विचारिलें, ‘बाराव्या पडद्याशीं तार एक मिलिमीटर उतरावयाची, तर पट्टी किती घासावी?’ तो म्हणाला, एक. मग क्षणभर थांबला, तारेवर बोट फिरवीत शेवटापर्यंत गेला, आणि म्हणाला, ‘नाहीं आजोबा. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर आहे. समरूप त्रिकोण. दोन घासावी लागेल.’ कारागीर हंसला. त्यानें त्रिकोण ऐकिले नव्हते; पण ‘मधी एक तर टोंकाला दोन’ हें त्याच्या आज्ज्यासहि ठाऊक होतें.

तारा सैल करून त्यानें ती प्लॅस्टिकची पट्टी काढून टाकिली व हाडाची नवी घेतली. पट्टीचा माथा मुळींच घासावयाचा नाहीं, तळ घासावयाचा. कारण माथ्यास आकार दिलेला असतो. पेन्सिलीनें रेघ ओढून कांचेवर पसरलेल्या पॉलिश कागदावर त्यानें तळ फिरविला. तळ रेसभर जरी वांकडा झाला तरी पट्टी खोबणींत नीट बसत नाहीं आणि आवाज मरतो. घासावें, बसवावें, तारा चढवाव्या, ऐकावें. असें तीनदां झालें. मुलास धीर निघेना. तारा अगदीं पडद्यांस लागतील इतक्या खालीं घ्या, असें तो म्हणूं लागला. त्यावर कारागिरानें जाड तार जोरानें छेडिली. पांचव्या पडद्याशीं ती खरखरली.

‘ऐकलंस, बाळ? सकाळपासनं म्या हाच आवाज त्या तंबोऱ्यांत आणाय बसलोय. तिथं ह्येला जवारी म्हंत्यात. तुझ्या वाद्यांत ह्योच बिघाड. ह्येच्या खालीं जाऊं नगं.’

नंतर त्यानें पांचव्या पडद्याचें उचललेलें टोंक लांकडी हातोडीनें बसविलें, आणि खरखर थांबली. जाड तारेस अडीच व बारीक तारेस दोन मिलिमीटर, येथें त्यानें हात आंवरिला. आडवी गिटार मांडीवर घेऊन लोखंडी कांडीनें वाजविणारे गवई, ब्रिजभूषण काब्रा किंवा विश्वमोहन भट्ट यांच्यासारखे, तारा मुद्दाम उंच ठेवितात. कांडी पडद्यांस लागतां कामा नये म्हणून. तेव्हां उंच तार ही स्वभावतः वाईट नव्हे. ज्या हातास दाबावयाची त्या हातास ती वाईट. वीणेची तार फार ताणूं नये, फार सैलहि सोडूं नये, हा भगवान बुद्धांनीं सोण भिक्षूस दिलेला दृष्टान्त सर्वांस पाठ आहे. तारेच्या उंचीविषयीं मात्र दृष्टान्त कोणीं दिल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. तेवढें काम मिरजकरांवर सोंपविलेलें दिसतें.

मुलानें गिटार घेतली. भिंतीकडे तोंड केलें. कोणी पाहिलेलें त्यास आवडत नाहीं. तर्जनी आडवी टाकिली. पहिल्यानें दोन तारा मुक्या राहिल्या. बोट किंचित् फिरविलें. मग साही तारा एकदम बोलल्या. तो एफ होता कीं काय हें आम्हांस कळावयाचें नाहीं. पण मुलगा हळूच वळून आमच्याकडे पाहूं लागला, त्यावरून तो असावा. त्यानंतर तास-दीड तास त्या गल्लींत दुसरें कांहीं ऐकूं आलें नाहीं, आणि समोरचे कारागीर आपापलीं कामें तशींच करीत राहिले.

मजुरी त्यानें सांगितली तेवढी आम्हीं दिली. घासाघीस करावी अशी नव्हती. निघतांना त्यानें हाडाची आणखी एक पट्टी कागदांत बांधून दिली, पहिलीपेक्षां अंमळ उंच. वऱ्हाडचा उन्हाळा त्यास ऐकून माहीत होता. ‘पावसांत लाकूड फुगतंय, तार वर चढती. उन्हाळ्यांत आटतंय, तार खालीं बसून खरखरती. तवा ही घाला. आणि पत्र्याखालच्या खोलींत वाद्य ठेवूं नका, डिंक सुटतोय.’ पुडीवर खूण करावी म्हणून त्यानें पेन्सिल पुढें केली. अक्षर गुरुजींचें असूं द्या म्हणाला. आम्हीं वर ‘चैत्र ते ज्येष्ठ’ असें लिहिलें, आणि ती पुडी मुलानें आपल्या खिशांत ठेविली.